औषधांचं विसर्जन

"आजोबा, आपल्या दुकानातल्या मुदत संपलेल्या गोळ्या जातात तरी कुठं?"

योगिनीने प्रश्न टाकला तेव्हा अनंत चतुर्दशीच्या पंगतीत मोदक वाढणं चाललं होतं. प्रश्न तिचा नव्हताच. क्लासच्या जिन्यात बसून पोरींनी पैज लावली होती: प्रत्येकीने घरातल्या सगळ्यात कडक माणसाला, सगळ्यांदेखत, एक प्रश्न विचारायचा, प्रश्न बाकीच्यांनी ठरवायचा. योगिनीच्या वाट्याला हा आला, कारण चैताली शाळेच्या नदी-प्रकल्पात नाकापर्यंत बुडालेली आणि गोदावरीत पडणाऱ्या प्रत्येक टमरेलाची तिला चौकशी. "तू विचारणारच नाहीस," चैताली म्हणाली होती. "कारभारी आजोबांपुढं तुझी बोबडी वळते."

वळायची. पण ती गेल्या वर्षीची योगिनी. यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून दहावीतल्या या पोरीला आपल्या आवाजाचा शोध लागला होता, आणि नवी सायकल मिळावी तसा तो आवाज ती वाटेल त्या गल्लीत फिरवून बघत होती.

रोहितकाका खो खो हसला. "दुकानदाराची नात आणि तुला ठाऊक नाय? बाप्पाच्या पाठोपाठ दरवर्षी गंगेत कोण जातं मग?"

ठाऊक होतंच. म्हणून तर प्रश्न सोपा वाटला होता. नाशिकरोडच्या या घरात, खाली औषधांचं दुकान आणि वर माणसं अशा या घरात, अनंत चतुर्दशीला दोन विसर्जनं व्हायची. पहिलं गणपतीचं. दुसरं पोत्याचं.

न फोडलेली पाकिटं कंपनी परत घ्यायची; पण कापलेल्या पट्ट्या आणि अर्ध्या बाटल्या कोण घेणार? आणि त्यांच्याहून जास्त असायची ती मेलेल्या माणसांची औषधं. कुणाचा दहावा झाला की घरचं कुणीतरी पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीशी उभं राहायचं. "अण्णा, आता याचं काय करू?" गेलेल्या माणसाचं औषध घरात ठेवू नये म्हणतात, आणि उकिरड्यावर फेकायला हात धजत नाही. आजोबा ती पिशवी दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि मागच्या खोलीतल्या पोत्यात ठेवून देत. विसर्जनाच्या आदल्या दिवशी घरातल्या बायका मटार सोलावेत तशा गोळ्या पट्ट्यांतून सोलत बसायच्या. तो आजोबांचा कडक नियम: गंगामाईच्या, म्हणजे गोदावरीच्या, अंगावर प्लास्टिकचा कपटा पडता कामा नये. मग दसकच्या घाटावर हळदकुंकू वाहून पोत्याचं तोंड उघडायचं. लहान असताना योगिनीला गणपतीपेक्षा हेच आवडायचं. गुलाबी, पिवळ्या, निळ्या गोळ्या पाण्यावर क्षणभर नाचायच्या, आणि खोकल्याच्या औषधाचा तांबूस पट्टा लांबपर्यंत वाहत जायचा.

तेव्हा काकाचं हसणं काही चुकीचं नव्हतं. चुकलं इतकंच, की आज पंगतीत संजनाआत्या बसली होती.

आत्या बसली होती म्हणजे टेकली होती. लेक दवाखान्यात, ही अंघोळीला आणि डबा न्यायला माहेरी आलेली. पोळ्याच्या दिवशी पायल, योगिनीच्याच वयाची तिची पोर, सायखेड्याला बैल धुवायला नदीत उतरली आणि गाळातली तार तिच्या डाव्या पायात घुसली. एवढीशी जखम. हळद झाली, गावच्या डॉक्टरची सुई झाली, निफाड झालं, आणि आता नाशिकरोडचा मोठा दवाखाना चालू होता. पाऊल काळं पडत चाललं होतं. औषधामागून औषध चढत होतं आणि ताप एका रेघेनं खाली येत नव्हता.

आत्याने डब्याचं झाकण लावता लावता हात थांबवला.

"पुन्हा विचार."

"काय गं आत्या?"

"आत्ता विचारलंस ते. अण्णा काय सांगतात ते मला ऐकायचंय."

योगिनीने पप्पांकडे पाहिलं. विलास म्हणजे तिचे पप्पा, घरातले थोरले, दुकानाचा परवाना त्यांच्या नावावर आणि घरातली भांडणं मिटवायचा मक्ताही त्यांच्याकडेच. ते हळूच म्हणाले, "संजू, जेवून घे आधी."

"विचारायचं काय त्यात?" आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज अजून सणाचा होता. "गंगेत जात्यात. तुला ठाव नाय? तूच तर हट्ट करकरून पोत्याची एक बाजू धरायची."

"धरायची ना." आत्याने डबा खाली ठेवला. "आणि मग तुम्ही मला खालच्या अंगाला दिलंत. सायखेड्याला. पाण्याच्या वाटेवर."

"काय बोलू राह्यली ही?" आजोबांनी विलासला विचारलं.

"सकाळी डॉक्टर बोलले ते सांगू राह्यले, अण्णा. जंतू तपासले त्यांनी. म्हणे, बाई, या जंतूंना औषधाचं भ्यावच राह्यलं नाही, जन्मल्यापासून औषधातच पोहू राह्यलेत ते. मी विचारलं, नदीत औषध कुठून येईल साहेब? तर ते म्हणाले, कारखान्यांतून येतं, दवाखान्यांच्या गटारातून येतं, लोकांच्या घरातून येतं. आणि मी मान डोलावली. हो का, हो का, म्हणून डोलावली! जसं काही मी जन्मात पाहिलंच नव्हतं."

खालच्या रस्त्यावर एका मंडळाचे ढोल सुरू झाले आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

"ताई, तू दमलीस," रोहितकाका म्हणाला. तो स्वतः औषधांच्या पेट्या गावोगाव पोचवायचा, त्यामुळे त्याला सगळं माहीत असायचं. "अगं, कारखाने टँकरच्या टँकर ओढ्याला सोडतात अंधारात. अख्ख्या शहराचं गटार गंगेत. आपलं पोतं म्हणजे दर्यात खसखस. त्याच्यानं कुठं पाय सडतो का?"

"त्याच्यानंच सडला असं मी म्हणते का?"

"मग काय म्हणतेस?"

"मी म्हणते, त्यात आपलंही होतं."

"मला तर दरवर्षी वाटायचं," योगिनीची आई मध्येच म्हणाली. सुरेखा सासऱ्यांसमोर बोलणाऱ्यांतली नव्हती. भरलेलं ताट तिच्या हातात तसंच होतं. "गोळ्या सोलल्या की माझी बोटं कडू होतात. राखेनं घासली तरी दुसऱ्या दिवशीची भाकर कडू लागते. मग वाटायचं, एवढ्या सगळ्या पाण्यात गेल्यावर खाली पाणी पिणारांना काय लागत असेल."

"मग बोलली का नाहीस?" पप्पांनी विचारलं.

"विचारलं कुणी?"

योगिनीला एकदम चेव आला. आई आत्याच्या बाजूने! घराच्या दोन फळ्या पडल्या होत्या आणि प्रश्न तिचा होता. तिने पाठ ताठ केली. "आजोबा, यंदा पोतं न्यायचंच नाही. संपलं."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. चिडून नाही. रस्ता चुकलेल्या माणसासारखं.

"तू नव्हती तवा," ते म्हणाले. "दुकान नवं होतं. मीबी लोकांवानी उकिरड्यावरच टाकायचो. रंगूबाई कागद वेचायची तिथं. तिचं पोरगं, रांगतं होतं. तांबड्या गोळ्या. गोड कवच असतं वरून." त्यांनी बोटांनी हवेत गोळीएवढं गोल केलं. "रंगूबाई त्याला घेऊन माझ्याच दुकानात आली. मला म्हणे, अण्णा, औषध द्या. कशाचं देऊ? त्या दिसापासून एक गोळी कचऱ्यात जाऊ दिली नाय मी. गंगेत टाकली. तिथं कोण वेचून खाणार? माय सगळं पोटात घेती, वाटलं."

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; पण सणाच्या ताटावर ते कधी कुणी काढलं नव्हतं. योगिनीची ताठ पाठ जराशी वाकली. वक्तृत्वाच्या स्पर्धेत समोरच्याचा मुद्दा खरा निघाला तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

"बरं, नाय न्यायचं," रोहितकाका म्हणाला. "मग करायचं काय त्याचं, ते सांग की. भरून बसलंय खाली. घंटागाडीत देऊ?"

"नाय!" आजोबा इतक्या जोरात ओरडले की समईची ज्योत हलल्यासारखी वाटली. "घंटागाडी जाती डेपोवर. तिथं पोरं वेचत्यात."

"मग संडासात ओतू. पाणी सोडलं की झालं."

"संडासाचं पाणी कुठं जातं, काका?"

"शुद्धीकरणाला जातं. शिकवत नाय का शाळेत?"

"नेलं होतं आम्हाला बघायला. तिथले साहेब म्हणाले, मैला निघतो, औषध नाही निघत सगळं. आणि तिथून पाणी परत गंगेत."

"मग शेतात पुरू."

"कुणाच्या?" आत्या म्हणाली. "विहीर असेल बघा जवळ. विहीर सगळीकडं असते."

"जाळू मग!"

"या गल्लीत?" आई म्हणाली. "धूर कोणाच्या पोरांनी घ्यायचा?"

"दवाखान्यांचा कचरा न्यायला गाडी असते," पप्पा म्हणाले. "भट्टीत जाळतात व्यवस्थित. मी बोललो होतो त्या माणसाशी. तो म्हणाला, लोकांच्या घरची औषधं तुमच्या हिशोबात कशी दाखवू? ऑफिसात या म्हणाला." ते थांबले. "मग सीझन आला तापाचा. मग राहिलं."

"राहिलं," आत्या म्हणाली.

तेवढा एक शब्द. योगिनीला पहिल्यांदाच भीती वाटली. प्रश्न विचारला की पलीकडे उत्तर असतं, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. इथे तर घरातली सगळी मोठी माणसं एकेक दार उघडून बघत होती आणि प्रत्येक दारापलीकडे नदीच होती.

मग आत्याचा फोन वाजला. दवाखान्यातून दाजींचा, पायलच्या वडिलांचा. आत्या ऐकत राहिली. "हं," म्हणाली. पुन्हा "हं." फोन कानावरून काढल्यावरही तिने तो तसाच हातात धरला होता.

"पाऊल काढायचं म्हणतात. आत्ताच. थांबलं तर गुडघ्यापर्यंत जाईल. सही करायला बोलावलंय."

आजोबांनी ताटाला नमस्कार केला आणि अर्ध्या जेवणावरून उठले. त्यांना असं उठलेलं योगिनीने कधी पाहिलं नव्हतं. ते भिंत धरून जिना उतरले. मागच्या खोलीची कडी वाजली.

रोहितकाकाने घसा साफ केला. "हे बघा. जे बोलणं झालं ते इथंच राहू द्या. सायखेड्याला कळायला नको."

योगिनीने आत्याकडे पाहिलं. आता आत्या काकाला फाडून खाणार. आत्या पदर खोचत होती.

"कळताच कामा नये," आत्या म्हणाली.

"आत्या?"

"सासूबाई आज म्हणतात, पोरीच्या जातीनं बैल धुवायला जायचं नव्हतं. उद्या म्हणतील, तुझ्या बापानं नातीचा पाय खाल्ला. मग मला त्या घरात कोण ठेवील? आणि पायलला? एका पायाची पोर घेऊन मी कुठं जाऊ, इथं येऊ? या दुकानावर?" ती वळली. "वहिनी, तुम्ही पण. बोटं कडू झाल्याचं पुन्हा तोंडातून काढू नका."

"नाही काढणार, ताई," आई म्हणाली.

"दादा?"

पप्पांनी मान डोलावली. क्षणापूर्वी ज्या घराच्या दोन फळ्या होत्या, ते घर बघता बघता एक झालं. योगिनीने भांडणं मिटलेली खूप पाहिली होती, पण मिटल्यावर असं गुदमरायला कधी झालं नव्हतं.

"योगू, बाप्पाची शपथ घे."

"आत्या, डबा राहील," योगिनी म्हणाली आणि डबा उचलून जिन्याकडे पळाली.

रस्ते मिरवणुकांनी तुंबले होते. पप्पांच्या स्कूटरवर आत्या, आणि आई नि योगिनी पायी; गुलालातून, डीजेच्या भिंतींमधून वाट काढत. निघताना मागच्या खोलीचं दार बंदच होतं. आजोबा पोत्याशेजारी खाली बसलेत, एवढं योगिनीने फटीतून पाहिलं होतं. घरचा गणपती रोहितकाका एकटाच घेऊन गेला.

पायलला आत न्यायची तयारी चालली होती. तिच्या उशाशी सुलाबाई, तिची आजी म्हणजे आत्याच्या सासूबाई, जपमाळ ओढत बसलेल्या. पायलचा चेहरा तापाने तुकतुकीत दिसत होता. आणि वास. खोलीभर फिनाइल शिंपडलं होतं, तरी त्याच्या खालून तो वास येतच होता.

"योगे," पायल म्हणाली. "पैज जिंकलीस का?"

पैजेचं सगळं योगिनीनेच तिला मोबाइलवर कळवलं होतं, हसऱ्या तोंडांच्या रांगा जोडून.

"जिंकले."

"विचारलंस? आजोबांना? सगळ्यांसमोर?" ती उठून बसायला बघत होती. "भारी ना! काय म्हणाले मग?"

दारात आत्या उभी होती. आत्याच्या मागे आई.

योगिनीने तोंड उघडलं. ज्या आवाजाने सभागृह गाजवलं होतं तो कुठे गेला होता कोण जाणे.

"काही नाही," ती म्हणाली. "हसले."

"हसले? कारभारी आजोबा?" पायलला स्वतःलाच हसू आलं, मग कळ आली. कळ ओसरल्यावर ती योगिनीचा हात ओढून हळू आवाजात म्हणाली, "योगे, कुणी काही बोललं तर सांग हां त्यांना, बैलानं नव्हतं ओढलं मला. मीच उतरले. सर्ज्या पाण्याला भीत होता, मी म्हटलं मी येते पुढं."

"त्यात काय झालं?"

"त्यातच तर झालं. आजी म्हणते तेच खरंय. नसते उतरले तर आईला बोलणी बसली नसती, पप्पांची धावपळ झाली नसती. मी माफी मागितली आजीची. पाया नाही पडता आलं, पण हात जोडले."

सुलाबाई मणी ओढता ओढता म्हणाल्या, "आता बोलून काय उपेग? पोरीच्या जातीनं समजून राहायचं असतं. गंगामाईचा कोप झाला."

"हो आजी," पायल म्हणाली.

ती "हो आजी" म्हणाली ते रडत नाही, रुसून नाही. शाळेत हजेरी द्यावी तशी म्हणाली. तिला पटलं होतं. योगिनीने आत्याकडे पाहिलं. आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मग माणसं आली आणि पलंग ढकलत पायलला घेऊन गेली. चाकं वळेपर्यंत पायलचा अंगठा वर होता. पैज जिंकल्याबद्दल.

बाहेरच्या बाकावर पप्पा बसले होते. आई त्यांच्याशेजारी टेकली. आत्या आणि दाजी आतल्या दाराशी, सुलाबाई देवाच्या फोटोसमोर. खिडकीतून दूरची मिरवणूक दिसत होती. कुठल्याशा मंडळाचा गणपती हळूहळू नदीच्या दिशेने सरकत होता.

योगिनी आईपप्पांच्या समोर उभी राहिली.

"पप्पा. आई. मी पायलला सांगणार आहे."

"काय?" आईने विचारलं, पण तिला कळलं होतं.

"पोत्याचं."

"हळू बोल," पप्पा म्हणाले. "योगू, डोकं ठिकाणावर आहे का? आपल्या पोत्यानंच झालं असं कोण सांगू शकतं?"

"कुणीच नाही. तेही सांगणार. कारखान्यांचं सांगणार, गटाराचं सांगणार, आणि त्यात आपलंही होतं हे सांगणार. पण बैलासाठी पाण्यात उतरली म्हणून तिचा पाय गेला, हे खोटं आहे. आणि तेवढं खोटं ती एकटी घेऊन आत गेलीय. हात जोडून."

"त्यानं पाऊल परत येणार आहे का तिचं?" आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती.

"नाही."

"अण्णा हे सोसतील?"

योगिनीला बंद दारामागे पोत्याशेजारी बसलेला तो म्हातारा दिसला. "माहीत नाही. बहुतेक नाही."

"आणि संजू?" पप्पा म्हणाले. "तिचं घर मोडेल. ती आपल्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. तुझं तोंड बघणार नाही जन्मात. कळतंय का तुला? ही वक्तृत्व स्पर्धा नाही, बेटा. इथं कुणी टाळ्या वाजवणार नाही."

"कळतंय."

तिला खरंच कळत होतं. तिने बाकाची पाठ धरली आणि आवाज मुद्दाम खाली आणला, अगदी घरातल्या घरात बोलावा तसा.

"ती शुद्धीवर आली की सांगेन. सुलाबाई आजी शेजारी असतील तेव्हाच सांगेन, म्हणजे त्यांनीही ऐकावं. तुम्ही माझ्या मागं उभे राहा, नाहीतर आत्ताच घरी जा. पण मी सांगणार आहे."